बुरशीजन्य रंगद्रव्ये
बुरशीच्या तंतूंत व बीजाणूंत तयार होणारे रंगीत पदार्थ. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला ते प्रयोगशाळेच्या आधी खळ्यावर भेटतात. खरिपाची संकरित ज्वारी लवकर पक्व होते; कणीस भरताना पाऊस लागून राहिला की मोत्यासारखे दाणे काळे पडतात. हा काळेपणा मुख्यतः कर्व्ह्युलॅरिया बुरशीतील मेलॅनिनचा. गुलाबी झाक फ्युजॅरियमची. असा दाणा बोटांत दाबला तर भुगा होतो, भाकरी काळपट उतरते आणि मोंढ्यात भाव पडतो. वर्षभराच्या कष्टावर चार दिवसांच्या झडीने असे पाणी फिरते. फ्युजॅरियम फ्युमोनिसिन हे विषही तयार करू शकते, म्हणून बुरशी लागलेली ज्वारी जनावरांपुढे टाकतानाही जपावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी श्वेता’ (पीव्हीके ८०१) हा वाण या बुरशींना बऱ्यापैकी तोंड देतो.

बुरशीचा रंग बनवण्याचा हाच गुण किण्वनात मात्र कामी येतो. मोनॅस्कस पर्प्युरियस ही बुरशी शिजवलेल्या तांदळावर वाढवली की दाणा आतपर्यंत लाल होतो. चीनमध्ये हा तांदूळ शतकानुशतके वापरात आहे. पॉलिकेटाइड सिंथेज या विकराचे जनुक जागे झाले, म्हणजे त्यापासून प्रथिन बनू लागले, की रंगाची जडणघडण सुरू होते. आधी नारिंगी रंगद्रव्य बनते. अमिनो गटाशी जुळल्यावर ते लाल होते. त्यामुळे माध्यमात नायट्रोजन कोणत्या रूपात घातला, यावर छटा ठरते. याच बुरशीचे काही वाण सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही बनवतात. खाद्यरंगासाठी ते न बनवणारे वाण निवडावे लागतात.