तालमीची पदवी

कराटेचा ब्लॅक बेल्ट म्हणजे त्या विद्येतली पदवी, असं हल्ली पालक सहज म्हणतात. पहिला डान म्हणजे बी. ए., मग एम. ए., मग पीएच. डी.! ही तुलना कितपत खरी? आम्हा पन्हाळकरांना ती तपासून पाहायला हरकत नाही. बाजीप्रभूंचा पुतळा आमच्या गडावर आहे आणि १७२९ साली कवी मोरोपंत जन्मले तेही इथंच.

तुलनेला आधार आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो पेशानं शिक्षक. टोकियो विद्यापीठातलं शिक्षण संपवून त्यांनी १८८२ साली कोदोकान ही संस्था काढली आणि १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिला डान दिला. त्याआधी जपानी घराण्यांत गुरू शिष्याला परवाना देई. कानोंनी त्या जागी सर्वांसाठी पायऱ्या बांधल्या. १९२४ मध्ये गिचिन फुनाकोशींनी त्या कराटेत आणल्या. तेही शाळामास्तर, शिवाय टोपणनावानं कविता लिहिणारे.

‘डान’ म्हणजे पायरी. ‘डिग्री’च्या लॅटिन मुळाशीही पायरीच आहे, आणि आपल्या ‘पदवी’चा संस्कृतातला एक अर्थ आहे वाट. फरक पुढे आहे. पहिल्या डानला ‘शोदान’ म्हणतात. त्यातला ‘शो’ म्हणजे आरंभ. काळा पट्टा कमरेला बांधला की खरं शिक्षण सुरू होतं. आपण मात्र पदवीच्या समारंभाला ‘दीक्षान्त’ म्हणतो!

कोल्हापूरनं तर आखाडा आणि शाळा कधी वेगळी मानलीच नाही. ‘तालीम’ या अरबी शब्दाचा अर्थच शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे फारसीतला उस्ताद, शिक्षक. जुन्या मदरशांत उस्ताद शागिर्दाला इजाजत देत: हा ग्रंथ यानं माझ्याकडे वाचला, आता यानं तो इतरांना शिकवावा. खाली उस्तादाचं नाव. म्हणजे जबाबदारीही त्याचीच.

आमच्या तालमींनी तेवढाही कागद केला नाही. मर्दानी खेळात तळहातावरचं लिंबू दांडपट्ट्यानं कापून दाखवतात. ज्यानं तळहात पुढे केला, त्याचा विश्वास हेच प्रशस्तिपत्र. मोरोपंत गडावर पाध्ये बंधूंकडे शिकले, तेव्हा मुंबई विद्यापीठ निघायला शंभरावर वर्षं अवकाश होता. त्यांच्या आर्या हाच त्यांचा दाखला.

मग कागद नकोच का? असं मी म्हणणार नाही. माझ्या बी. ए.च्या कागदानं मलाही दारं उघडून दिली आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. तिथं प्रमाणपत्र लागतं, वस्तादाचा शब्द चालत नाही. उलट फी भरून वर्षा-दोन वर्षांत काळा पट्टा मिळत असेल, तर त्या कागदामागे तळहात कोणाचा, हे विचारायला हवं. कागद देणाऱ्याइतकाच खरा असतो.

२०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. शस्त्राला मान मिळाला, बुरुजांना प्रमाणपत्र मिळालं. आता तालमींनी एक वही घालावी: कोण, कोणाकडे, काय शिकला. खाली वस्तादाची सही. पट्टा फिरवणारे हात अजून आहेत, तोवरच ती लिहून होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)