म्होरक्या मारला तरी संघटना का उरते? अल-कायदाचा लांबचा डाव

मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या दोन भव्य बुद्धमूर्ती तोफा आणि सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. ते आपण विसरलेलो नाही. त्या वेळी तालिबानच्याच आश्रयाला ओसामा बिन लादेनची अल-कायदा होती. सहा महिन्यांनी तिने अमेरिकेवर हल्ला केला आणि अमेरिकेने तालिबानची सत्ता उलथवली. २०११ मध्ये लादेन पाकिस्तानात अबोटाबादला मारला गेला. पण ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले आणि ३१ जुलै २०२२ रोजी लादेनचा वारस अयमान अल-जवाहिरी ड्रोन हल्ल्यात ठार झाला, तो काबूल शहरातच! वीस वर्षांनंतर पत्ता पुन्हा तोच.

१९८८ मध्ये पेशावरला जन्मलेली ही संघटना टिकली ती शाखांच्या जोरावर. अफगाणिस्तानातले तळ गेल्यावर तिने इतर देशांतल्या सशस्त्र गटांना आपले नाव दिले : २००७ मध्ये अल्जीरियातील, २००९ मध्ये येमेनमधील, २०१२ मध्ये सोमालियाची अल-शबाब. शाखा आपला खर्च आपणच भागवते. अल-शबाब तर व्यापाऱ्यांकडून आणि रस्त्यावरच्या नाक्यांवर चक्क कर वसूल करते. केंद्रातला माणूस मेला म्हणून ही वसुली थांबत नाही.

भरतीसाठी धर्माची भाषा असते, पण माणूस आत येतो तो बहुधा गावातल्या रागामुळे. मालीत २०१७ पासून जी शाखा आहे, तिला चराऊ रानावरून होणारी भांडणे आणि फुलानी पशुपालकांवर सैनिकांनी केलेले अत्याचार यांतून माणसे मिळत गेली. सरकारने निरपराधांना झोडपावे, हेच अशा संघटनांना हवे असते.

इसिस मूळची अल-कायदाचीच इराकमधील शाखा. तिने घाई केली. २०१४ मध्ये मोसुल घेऊन खिलाफत जाहीर केली, आणि मार्च २०१९ पर्यंत सीरिया-इराकमधली सगळी जमीन गमावली. तरी अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतल्या तिच्या शाखा उरल्याच.

आम्हाला इथे बोधगया आठवते. ७ जुलै २०१३ च्या महाबोधी विहार स्फोटांमागे अल-कायदा नव्हती, इंडियन मुजाहिदीन होती; रीत मात्र ओळखीची. म्यानमारमधील रोहिंग्यांवरच्या अत्याचारांचा सूड म्हणून हा कट रचल्याचे तपासात पुढे आले आणि २०१८ मध्ये पाच जणांना जन्मठेप झाली. म्यानमारमध्ये चीवर घालून मुस्लिमद्वेष पसरवणारा अशिन विराथू अशा भरतीवाल्यांच्या किती कामी येतो, हे आपल्या तरुणांनी स्पष्ट बोलायला हवे. तसे बोलल्याने बॉम्ब ठेवणाऱ्यांचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. त्या दिवशी बोधगयेत जखमी झालेल्यांमध्ये एक जण म्यानमारचाच होता.