मानशीवरील मासेमारी : गोव्याच्या खाजणातील एका नियमव्यवस्थेचा विचार

भरती-ओहोटीच्या खाड्यांतील मासेमारीचा विचार आपल्याकडे बहुधा मत्स्यशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अंगाने झालेला आहे. गोव्यातील खाजणांपुरते बोलावयाचे तर हा विषय प्रामुख्याने ग्रामसंस्थेच्या इतिहासाचा आहे. चोणक व शिंगाळा कोणी, केव्हा व कोठे पकडावा यासंबंधीचे येथील नियम माशांसाठी नव्हे, तर बांधासाठी निर्माण झाले, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

खाजण म्हणजे खाडीलगतची, भरतीच्या पातळीहून सखल असलेली व बांध घालून पाण्यापासून सोडविलेली जमीन. मांडवी, जुवारी व त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांच्या काठी तिसवाडी, बारदेश व साष्टी या भागांत अशा जमिनी विपुल आहेत. त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे 18,000 हेक्टर मानले जाते. ही पद्धती प्राचीन आहे. बांदिवडे येथे सापडलेल्या, कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात खज्जन भूमीचा उल्लेख आहे. लिपीवरून हा ताम्रपट इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील ठरतो. पुढे पोर्तुगीज अधिकारी आफोंसु मेशिया याने 1526 मध्ये गावकारीच्या रूढी सनदेच्या रूपाने लिहून काढल्या. त्या वेळी ही व्यवस्था नवी नव्हती. राज्यकर्त्यांनी जे चालत आले होते त्याचीच नोंद केली.

बांधाचा प्राण म्हणजे मानस. खाडीचे पाणी चढू लागले की तिची लाकडी दारे त्या पाण्याच्याच दाबाने मिटतात, आणि ओहोटीला आतील पाणी वरचढ झाले म्हणजे उघडतात. पावसाळ्यात शेतातील क्षार धुऊन बाहेर घालविणे आणि कोरगुटासारख्या खारे पाणी सोसणाऱ्या भातालाही सोसवणार नाही इतके खारे पाणी आत येऊ न देणे, हे तिचे मुख्य कार्य होय. आतील चरांत व सखल भागांत, म्हणजे पोंयीत, मचूळ पाणी साठते. भरतीच्या वेळी दार काही काळ उघडे ठेविले की कोळंबीची व शेवट्यांची पिले आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग चोणकासारखे भक्षक मासेही येतात. ओहोटी लागताच मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे बसविले म्हणजे बाहेर पडणारे सर्व त्यात सापडते. यासाठी कौशल्यापेक्षा जागा अधिक महत्त्वाची असते, आणि जागा एकच असल्यामुळे हक्काचा प्रश्न अपरिहार्य होतो.

गावकारीने या प्रश्नाचे उत्तर पावणीने, म्हणजे लिलावाने, दिले. मानशीवर जाळे लावण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी सर्वांत अधिक बोली करणाऱ्यास मिळे, आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी होई. मासळीचे उत्पन्न अशा रीतीने भाताच्या रक्षणास बांधलेले होते. दाराची उघडझाप पिकाच्या गरजेनुसार व्हावी, मक्तेदाराच्या सोयीनुसार होऊ नये, हे या व्यवस्थेचे मूळ सूत्र होते.

या सूत्रातील ताण मात्र स्पष्ट होता. मक्तेदारास जितके खारे पाणी आत येईल तितका लाभ, आणि शेतकऱ्यास तितकाच तोटा. जोपर्यंत हक्क देणारे व शेत कसणारे एकाच ग्रामसंस्थेच्या शिस्तीत होते तोपर्यंत हा ताण आवरला गेला. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर 1964 चा कृषी कूळ कायदा आला. 1975 च्या नियमांन्वये बांध व मानशी यांची सामुदायिक जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. कसणाऱ्यास न्याय मिळणे अवश्यच होते. परंतु कोमुनिदादीकडे असलेली देखरेखीची जुनी यंत्रणा नव्या संघांना आपोआप लाभली नाही. त्याच काळात कोळंबीचा भाव चढला, भातशेती मात्र परवडेनाशी झाली. मानशीचा मक्ता हेच अनेक ठिकाणी खाजणाचे प्रमुख उत्पन्न ठरले.

परिणाम विपरीत झाला. दारे भरतीला उघडी राहू लागली, क्वचित बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही झाल्या. शेते खारावून पडीक झाली व त्यांत तिवरे उगवली. तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्याने असे शेत पुन्हा लागवडीस आणणे दुर्घट झाले. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1996 रोजी किनारपट्टीवरील कोळंबी-संवर्धनास कडक मर्यादा घातल्या. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांच्या रक्षणासाठी स्वतंत्र तरतूद झाली. तथापि भरतीच्या प्रत्येक वेळी मानशीजवळ कोण उभा राहणार, हे अधिसूचनेने ठरत नाही.

मासळीचेही यात हित होते असे नाही. चोणक प्रथम नर असतो व वाढल्यावर मादी होतो. म्हणून मोठा मासा धरणे म्हणजे मादीच धरणे. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात बाळगतो. तो जाळ्यात आला की एक वीणच नाहीशी होते. मानशीचे जाळे लहानमोठा असा भेद करीत नाही. पूर्वी शेतीच्या वेळापत्रकाने जाळ्याला जो विसावा मिळे, तोच बहुधा माशांचाही विसावा असावा. हा त्या नियमांचा हेतू नव्हता, परिणाम होता.

रायगड जिल्ह्यातील खारजमिनींत मानशीलाच उघाडी म्हणतात, आणि चोणक तेथे जिताडा या नावाने प्रसिद्ध आहे. तेथील उघाड्यांच्या व्यवस्थेशी गोव्याची तुलना झाल्यास उपयुक्त ठरेल. अभ्यासकांनी गावकारीच्या जमाखर्चात मानशीच्या पावणीची रक्कम व बांधाचा खर्च या दोन बाबी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली रक्कम दुसरीकडे जाईनाशी केव्हा झाली, हे ज्या वर्षी दिसेल, तेथूनच त्या गावाच्या खाजणाच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावयास हवा.