विश्वाच्या तापमापकाची कुळकथा

वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाची गोष्ट बहुतेक पुस्तकांत 1964 साली, न्यू जर्सीतल्या होल्मडेलला सुरू होते. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच येणारी खरखर काही केल्या जाईना. आत मुक्काम ठोकलेली कबुतरं हुसकावली, त्यांची विष्ठा खरवडून काढली. खरखर होती तशीच. ती तप्त बालविश्वाची उरलेली ऊब निघाली. 1978 साली दोघांना नोबेल मिळालं. पूर्वी छपरावरचा अँटेना फिरवताना टीव्हीवर दिसणाऱ्या मुंग्यांतही या उबेचा थोडासा वाटा असे.

पण हे कूळ त्याहून जुनं आहे.

1941 साली कॅनडाचे अँड्र्यू मॅकेलर भुजंगधारी तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या वर्णपटाचा अभ्यास करत होते. ताऱ्याच्या आणि आपल्या मधल्या वायूत सायनोजेनचे काही रेणू किंचित उत्तेजित दिसत होते. त्यासाठी किती ऊब हवी, याचा हिशेब त्यांनी मांडला: 2.3 केल्विन. आकडा छापून आला आणि पडून राहिला. पुढे 1948 मध्ये आल्फर आणि हर्मन या शास्त्रज्ञांनी निव्वळ सिद्धान्तावरून सुमारे 5 केल्विनचं भाकीत केलं, तेव्हाही या दोन आकड्यांची गाठ कुणी घातली नाही. ही चुकामूक आजही चटका लावते.

मात्र आज ऊब आहे, एवढ्यावरून विश्व प्रसरण पावतंय असं ठरत नाही. उबेचं मूळ दुसरंही सांगता येतं: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना प्रसरण मान्य होतं, पण एका क्षणी झालेला आरंभ नव्हता. 1993 साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी मांडलेल्या प्रतिकृतीत ही ऊब ताऱ्यांच्याच प्रकाशाची होती; अवकाशातल्या सुईसारख्या लोहकणांनी तिला आजचं रूप दिलं होतं. प्रसरणाची खरी कसोटी वेगळीच: प्रसरणामुळे या उबेच्या लहरी ताणल्या गेल्या असतील, तर पूर्वीचं विश्व आजच्या 2.7 केल्विनपेक्षा नेमक्या प्रमाणात गरम असायला हवं.

ते मोजणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेचे आर. श्रीआनंद होते. नारळीकर तेव्हा याच संस्थेचे संचालक होते. पेटिटजीन आणि लेडू या सहकाऱ्यांसह त्यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने एका क्वेसारचा, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिकाकेंद्राचा, प्रकाश तपासला. सुमारे 1,100 कोटी वर्षांपूर्वी तो एका वायुमेघातून गेला होता. मेघातल्या कार्बनच्या अणूची सर्वांत खालची ऊर्जापातळी तीन जवळजवळच्या पायऱ्यांत विभागलेली असते. ऊब जास्त, तर वरच्या पायऱ्यांवर अणूंची गर्दी जास्त. प्रत्येक पायरीवरचे अणू किंचित वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषतात, म्हणून वर्णरेषांची खोली पाहून गर्दी मोजता येते. अडचण अशी, की अणूंच्या टकरा आणि ताऱ्यांचे अतिनील किरणही त्यांना वर चढवतात. त्याच मेघातल्या हायड्रोजन रेणूंवरून ही लुडबूड किती, ते काढावं लागलं. त्याआधीच्या निरीक्षणांनी ‘याहून गरम नाही’ एवढंच सांगितलं होतं. 2000 साली प्रथमच दोन्ही टोकं हाती आली: 6 ते 14 केल्विन. अपेक्षा होती 9.1.

दोन टोकांमधलं अंतर बरंच होतं. 2008 मध्ये याच गटाला दुसऱ्या एका क्वेसारच्या वाटेवर कार्बन मोनॉक्साइड सापडला. मॅकेलरच्या सायनोजेनसारखाच हा दोन अणूंचा रेणू. या उबेला तो कार्बनच्या अणूपेक्षा चोख दाद देतो. या वेळी आकडा आला 9.15, कमी-जास्त 0.72. प्रसरणाच्या गणिताने तिथे 9.3 सांगितलं होतं.