दक्षिणायनारंभ : कोल्हापूर परिसरातील लोकाचार

दक्षिणायनारंभ म्हणजे सूर्य आपल्या उत्तरेकडील भ्रमणाची सीमा गाठून दक्षिणेकडे वळतो तो दिवस. यालाच उन्हाळी अयनदिन असेही म्हणतात आणि तो बहुधा २१ जूनला येतो. त्या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर, म्हणजे सुमारे २३.४ अंश उत्तर अक्षांशावर, माथ्यावर असतो आणि उत्तर गोलार्धात वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तेथे सूर्य मे आणि ऑगस्ट या दोन महिन्यांच्या पहिल्या आठवड्यांत असा वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, तर २१ जूनच्या मध्यान्ही तो उत्तरेला कललेला असून सावल्या दक्षिणेकडे पडतात. दिवस सुमारे १३ तासांचा, म्हणजे डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसापेक्षा जेमतेम दोन तासांनी मोठा असतो आणि तोही बहुधा मोसमी ढगांआड जातो. या दिवसाचा स्वतंत्र सूर्योत्सव कोल्हापुरात नाही; मात्र त्याच्या मागेपुढे, ज्येष्ठ-आषाढात, पाऊस, बैल, वड आणि नदीचे नवे पाणी यांच्याभोवती जे आचार गुंफलेले आहेत, त्यांतच ऋतूच्या या वळणाची लोकजीवनातील खरी नोंद सापडते.

युरोपात ज्यांना पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्मापूर्वीचे निसर्गपूजक, म्हटले जाते अशा समाजांच्या परंपरेत हा दिवस अग्नीचा आहे. स्टॉकहोमसारख्या शहरात या सुमारास दिवस साडेअठरा तासांचा असतो. दीर्घ हिवाळा सोसलेल्या समाजाला या प्रकाशाचे अप्रूप वाटावे हे स्वाभाविक आहे. स्लाव्ह लोकांच्या कुपाला रात्री होळीवरून उड्या मारतात व फुलांची कडी नदीत सोडतात, लाटव्हियात रात्रभर शेकोट्या जागवतात आणि स्वीडनमध्ये पानाफुलांनी मढवलेल्या खांबाभोवती फेर धरतात. ख्रिस्ती धर्म आल्यावर हे आचार २४ जूनच्या संत जॉनच्या सणाला जोडले गेले. तोच सण पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि सांजांव झाला. येथे तो ऐन पावसात येत असल्याने डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून तरुण भरलेल्या विहिरींत उड्या घेतात आणि नव्या जावयाचे कौतुक होते. अग्नीची जागा पाण्याने घेतली, हा बदल लक्षणीय आहे, कारण घाटावरच्या कोल्हापुरातही या काळाचा देव पाणीच आहे.

भारतीय ज्योतिषात अयनारंभाचा विचार प्राचीन आहे. वेदांगज्योतिषाने दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर सांगितला. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या काळी तो कर्केच्या आरंभी होतो असे नोंदवले. आज अयनदिनी सूर्य मृगाच्या अखेरीस व आर्द्रेच्या तोंडाशी असतो. पृथ्वीच्या अक्षाची दिशा मंदगतीने बदलत असल्याने अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. या सरकण्याला अयनचलन म्हणतात. त्यामुळेच अयनबिंदूंवरून मोजणाऱ्या सायन गणिताने दक्षिणायन २१ जूनला लागते, तर स्थिर नक्षत्रांवरून मोजणाऱ्या निरयन गणिताची कर्कसंक्रांत १६ जुलैच्या आसपास येते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील १८९६ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाची सविस्तर चर्चा मराठीतून केली आहे. १९५७ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेने सायन बाजू घेतली आणि २२ जून हा १ आषाढ ठरवला.

शेतकऱ्याचे काम मात्र सूर्याच्या नक्षत्रांवर चालते. ७ किंवा ८ जूनला मृग निघतो, २१ किंवा २२ जूनला आर्द्रा लागते, पुढे पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले असते, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी कोल्हा, आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत अजून गावोगावी टिकून आहे. जिल्ह्याच्या पश्चिम भागात भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीत केलेली पेरणी, मृगाआधीच उरकतात. आर्द्रेला रान हिरवे दिसू लागले तर हंगाम साधला असे समजतात.

सूर्याच्या दिशेचे निरीक्षण कोल्हापूरला अपरिचित नाही. पश्चिमाभिमुख अंबाबाई मंदिरात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे गाभाऱ्यात शिरून क्रमाने देवीच्या चरणांवर, छातीवर व मुखावर येणे अपेक्षित असते. हाच किरणोत्सव होय. या दिवसांत सूर्य पश्चिमबिंदूच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो, तर जूनच्या अयनदिनी तो सुमारे २४ अंश उत्तरेला मावळतो. ती दिशा मंदिराच्या रचनेत बसत नाही आणि पावसाळी ढगांमुळे तेव्हा किरणांचा भरवसाही नसतो.

अयनदिनाच्या सर्वांत जवळचा सण म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर. कन्नड मुलखात याला कारहुणवी म्हणतात आणि गडहिंग्लज, शिरोळ, इचलकरंजी अशा सीमेलगतच्या पट्ट्यात तो साजरा होतो. चांद्र तिथीमुळे तो जूनमध्ये मागेपुढे सरकतो आणि २०२४ साली तो नेमका २१ जूनला आला होता. आदल्या दिवशी खांदेमळणी असते : जू वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे कोमट पाण्याने शेकून त्यांना हळद आणि तूप किंवा तेल चोळतात. हा या सणातला सर्वांत हृद्य भाग म्हटला पाहिजे, कारण पेरणीची मेहनत ज्या अवयवाने सोसली त्याचीच येथे सेवा होते. सणादिवशी बैलांना धुऊन शिंगांना रंग आणि बेगड लावतात, पितळी शेंब्या चढवतात, अंगावर झूल व गळ्यात घुंगुरमाळा घालतात, काही घरी शिंगांत कडबोळी अडकवतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. बैल नसलेल्या घरी कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी पुजली जाते. सायंकाळी वेशीत पानांचे तोरण आडवे बांधून बैलांना त्याकडे पळवतात. याला कर तोडणे म्हणतात. कोणत्या रंगाचा बैल पुढे निघाला यावरून कोणते पीक साधेल याचा अदमास बांधण्याची रीतही सीमाभागात आहे. इचलकरंजीत या निमित्ताने बैलांच्या शर्यती आणि लाकूड ओढण्याच्या स्पर्धा होतात. जिल्ह्याच्या उर्वरित भागात आषाढी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्रीय बेंदूर असतो, तर विदर्भ-मराठवाड्यातला पोळा थेट श्रावणी अमावास्येला येतो. एकाच कृतज्ञतेच्या या तीन तिथी पेरणीच्या वेगवेगळ्या वेळापत्रकांशी ताडून पाहण्याजोग्या आहेत.

त्याच ज्येष्ठ पौर्णिमेला वटपौर्णिमा असते. सावित्रीच्या कथेशी जोडलेल्या या व्रतात सुवासिनी वडाला सुताचे फेरे घालतात आणि आंब्याचे वाण देतात. कथेच्या आवरणाखाली वृक्षपूजेचा जुना थर दिसतो, असे मानायला जागा आहे.

कोल्हापूर शहराचा स्वतःचा असा आचार म्हणजे आषाढातील त्र्यंबोली यात्रा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या संगमातून झालेली पंचगंगा पहिल्या पावसानंतर तांबूस, गढूळ होऊन वाहू लागते; यालाच नवे पाणी म्हणतात. आषाढातील मंगळवारी व शुक्रवारी पेठापेठांतून गल्ल्या आणि तालीम मंडळे हे पाणी कलशांत भरून घेतात. डोक्यावर कलश घेतलेल्या मुली पुढे आणि मागे सनईच्या व ढोलाच्या आवाजावरून ज्याला पी-ढबाक म्हणतात ते वादन, अशी मिरवणूक शहराच्या पूर्वेकडील टेकडीवर त्र्यंबोलीकडे, म्हणजे टेंबलाईकडे, जाते आणि पाणी देवीच्या मंदिराच्या पायऱ्यांवर ओतले जाते. कथा अशी की, कामाक्ष नावाच्या असुराने देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले असता त्र्यंबोलीने त्यांना सोडवले, पण विजयोत्सवात तिचाच विसर पडल्याने ती रुसून शहराकडे पाठ करून टेकडीवर बसली. अश्विनातील ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिच्या भेटीला जाते ती यामुळेच. आषाढातल्या यात्रेत मात्र कथेपेक्षा पाण्याला महत्त्व आहे. पावसाळ्यातील रोगराई देवीने अडवावी, अशी या यात्रेमागची श्रद्धा आहे. कोंबड्या-बकऱ्याचा नैवेद्य आणि गल्लीचे सामुदायिक जेवण हे यात्रेचे अंगच आहे. मरगाईसारख्या ग्रामदेवतांनाही याच महिन्यात नैवेद्य पोहोचतो. पुरोहिताविना, गल्लीच्या वर्गणीवर चाललेला हा विधी युरोपातील पेगन अग्न्युत्सवांच्या तोडीचा आहे आणि अभ्यासाच्या दृष्टीने तो त्याहून अधिक मोलाचा, कारण त्याला पुनरुज्जीवनाची गरज पडलेली नाही.

ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या घटल्या आणि बेंदराचा बराचसा भाग मातीच्या बैलांवर येऊन ठेपला. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये आलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त उठवली आणि १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा या विषयीचा कायदा वैध ठरवला, त्यामुळे शर्यती पुन्हा भरू लागल्या. त्र्यंबोलीला कोणती गल्ली कोणत्या वारी जाते, नवे पाणी कोणत्या घाटावरून घेते आणि कलश कोणाच्या घरून निघतो, ही माहिती आज मंडळांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी ती पेठवार लिहून घेण्याचे काम हाती घ्यावे.