बहुमॉनिटर जोडणी

एकाच संगणकाला दोन किंवा अधिक मॉनिटर जोडून त्यांचा एकत्रित वापर करणे म्हणजे बहुमॉनिटर जोडणी होय. सर्व पडद्यांवर एकच चित्र दिसणे ही 'प्रतिरूप' पद्धत, तर कामाची जागा सर्व पडद्यांवर पसरणे ही 'विस्तारित' पद्धत होय. जुन्या हस्तलिखिताची प्रतिमा एका पडद्यावर ठेवून दुसऱ्यावर देवनागरी टंकलेखन करणे विस्तारित पद्धतीमुळे सुलभ होते.

इतिहास

ॲपलच्या मॅकिंटॉश २ (१९८७) या संगणकात ही सोय होती. विंडोज प्रणालीत ती विंडोज ९८ पासून अंतर्भूत झाली. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या अल्पमोली संगणकालाही दोन मॉनिटर जोडता येतात.

अल्प खर्चातील जोडणी

मॉनिटरची कमाल संख्या ग्राफिक्स चिप ठरवते. इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या (२०१२) कोअर प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स तीन मॉनिटरपर्यंत चालवू शकते. मदरबोर्डवर पुरेसे पोर्ट असल्यास अशा वेळी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाही. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरांत मात्र अंगभूत ग्राफिक्स नसते. पोर्ट अपुरे पडल्यास यूएसबी ग्राफिक्स ॲडॉप्टर वापरतात. तो लेखनकामास पुरेसा, परंतु वेगवान खेळांस अपुरा ठरतो.

मर्यादा

एचडीएमआय स्प्लिटर एकाच चित्राच्या प्रती काढतो. त्याने विस्तारित पडदा मिळत नाही. एचडीएमआय संकेत अंकीय व व्हीजीए संकेत अनुरूप असल्याने, जुना व्हीजीए मॉनिटर एचडीएमआय पोर्टला जोडताना साधी केबल चालत नाही, संकेत बदलणारा कन्व्हर्टर लागतो.