गुणसूत्र-विकृती आणि संततीचा प्रश्न

कोशिकेच्या केंद्रकातील, आनुवंशिक लक्षणे पुढील पिढीत नेणाऱ्या सूक्ष्म सूत्रांची संख्या वा रचना बिघडल्यास गुणसूत्र-विकृती उद्‌भवते. अशा बालकाच्या मातापित्यांचे पुढील अपत्य कसे निपजेल, हा एक प्रश्न. विकृती असलेल्या व्यक्तीला स्वतःला संतती व्हावी की नाही, हा दुसरा. दुसऱ्यावरील वाद पुण्यात १९९४ मध्ये विशेष तीव्रतेने उभा राहिला.

पहिल्या प्रश्नाला मोजमापाचे उत्तर मिळू लागले ते १९५६ मध्ये मानवी गुणसूत्रांची संख्या ४६ ठरल्यानंतर. १९५९ मध्ये झेरोम लझन, मार्थ गोत्ये व रेमाँ त्युर्पँ या फ्रेंच संशोधकांनी डाउन लक्षणसमूहात एकविसावे गुणसूत्र जादा असल्याचे दाखविले. सुमारे ९५ टक्के रुग्णांत हे जादा गुणसूत्र सुटे असते. मातापित्यांची गुणसूत्रे बहुधा सामान्य असतात व तरुण मातेच्या पुढील अपत्यात विकृती उद्‌भवण्याचा संभव सुमारे १ टक्का असतो. तीन-चार टक्क्यांत मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असते. अशा वेळी मातापित्यांपैकी एक जण, स्वतः निरोगी असूनही, या जोडाचा वाहक असू शकतो. माता वाहक असल्यास संभव साधारणतः १० ते १५ टक्के, पिता असल्यास पुष्कळ कमी. एकविसाव्या क्रमांकाची दोन्ही गुणसूत्रेच परस्परांस जोडलेली असतील, तर जगणारे प्रत्येक अपत्य बाधित निपजते. म्हणून बालकाच्या केवळ बाह्य लक्षणांवरून दिलेला सल्ला अपुरा होय. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही जोडप्यांतही असा वाहक आढळतो. दोष सुनेच्या माथी मारण्याची रीत जुनी असल्याने पतीचीही रक्तपरीक्षा होणे अगत्याचे आहे.

गर्भजल परीक्षेमुळे जन्मापूर्वी निदान शक्य झाले. भारतात १९७५ च्या सुमारास ती विकृतींच्या शोधासाठी सुरू झाली. परंतु तीत गर्भाचे लिंगही कळत असल्याने तिचा वापर मुलगी टाळण्याकडे वळला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जदारांत पुण्याची ‘मासूम’ ही संस्था होती. गुणसूत्र-विकृतीच्या निदानाची वाट मात्र कायद्याने मोकळी ठेवली आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील, बौद्धिक अक्षमता असलेल्या (तत्कालीन शब्दांत ‘मतिमंद’) काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीच्या काळातील स्वच्छता व गर्भधारणेची भीती ही कारणे देण्यात आली. स्त्रीसंघटनांनी तीव्र विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. अशा अक्षमतेची कारणे अनेक असतात, डाउन लक्षणसमूह हे त्यांतील एक. पण संमतीचा प्रश्न सर्वांबाबत एकच होता. शिवाय अशा शस्त्रक्रियेने गर्भधारणा टळते, अत्याचार टळत नाही. उलट तो लपण्याचीच शक्यता वाढते. डाउन लक्षणसमूह असलेल्या काही स्त्रियांना अपत्ये झाल्याची नोंद आहे. तात्त्विक दृष्ट्या त्यांपैकी निम्मी बाधित संभवतात. पुरुष बहुधा वंध्य असतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाच्या दहाव्या कलमानुसार, संबंधित व्यक्तीने समजून-उमजून व स्वेच्छेने दिलेल्या संमतीवाचून तिच्यावर वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येत नाही.